स्कॉटलंडच्या शेरीफ कोर्टातील ‘सिंपल प्रोसिजर’: पार्किंगच्या दाव्यातील प्रतिवादीच्या बाजूने परीक्षण

स्कॉटलंडमध्ये राहणाऱ्या माझ्या मुलीवर तिथल्या एका खासगी पार्किंग कंपनीने १७० पौंडांचा, म्हणजे आपल्याकडच्या अठरा-वीस हजार रुपयांचा दावा लावला आणि तो तिने वकील न लावता लढवला. तिच्या बाजूचे कागद मी इथे कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या आमच्या घरी बसून तयार करून दिले. लहान रकमांच्या दाव्यांसाठीच्या ज्या पद्धतीने हा दावा चालला, तिला तिकडे ‘सिंपल प्रोसिजर’ म्हणतात, आणि हे परीक्षण त्या पद्धतीचे आहे. मी या पद्धतीला पाचपैकी चार तारे देतो. कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयात एकतीस वर्षे मी एका वकीलसाहेबांचा कारकून होतो. समन्स, कैफियत, पुरसीस आणि नक्कल या शब्दांतच माझी उमर गेली. त्यामुळे परक्या देशाचे कोर्ट सामान्य माणसाशी कसे वागते, हे मी त्याच नजरेने पाहिले. आपल्या भागातली कितीतरी मुले शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी तिकडे गेलेली असल्यामुळे हे सविस्तर लिहावेसे वाटले.

आधी हकीकत सांगतो. गाडी मुलीच्या नावावर आहे, पण त्या दिवशी ती चालवत होते जावईबापू. मुलगी रुग्णालयात परिचारिका आहे आणि त्या दिवशी ती सकाळी साडेसात ते रात्री आठ अशा लांब पाळीवर होती. जावईबापू सकाळी एका मोठ्या किराणा दुकानात गेले, सामान घेऊन निघाले, आठ मैलांवर पेट्रोल भरले, काही काम केले आणि घरी परतताना राहिलेली वस्तू घ्यायला पुन्हा त्याच दुकानात शिरले. दुकानासमोरच्या वाहनतळावर दोन तास गाडी फुकट लावता येते. तिथे पावती फाडणारा माणूस नसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीच्या नंबरपाटीचा फोटो कॅमेरा काढतो. कॅमेऱ्याने सकाळचा प्रवेश टिपला आणि दुपारचे बाहेर पडणे टिपले, मधले जाणे-येणे त्याच्या नोंदीत आलेच नाही. कंपनीच्या हिशेबाने गाडी दोन तास सदतीस मिनिटे तिथेच उभी होती.

पुढे घरी पत्रे येऊ लागली. गाडी कोणाच्या नावावर आहे ही माहिती स्वान्सी येथील डीव्हीएलए हे वाहन नोंदणी कार्यालय अशा कंपन्यांना ‘योग्य कारण’ दाखवल्यावर अडीच पौंडांत देते, त्यामुळे पत्रे मुलीच्या नावाने आली. पहिल्या पत्रात १०० पौंडांची मागणी होती आणि चौदा दिवसांत भरल्यास ६० पौंड चालतील अशी सवलत होती. नंतर वसुली कंपनीने ७० पौंडांचा आकार वर चढवला. मुलीने आणि जावयांनी या पत्रांना ‘दंड’ म्हटले आणि महिनाभर त्या एका शब्दाच्या धास्तीत काढला. मी फोनवर त्यांना पहिली गोष्ट सांगितली ती ही, की हा दंड नाही. दंड करायचा तो पोलिसांनी किंवा नगरपरिषदेने. तुम्ही आमच्या जागेत गाडी लावलीत, तिथल्या पाटीवरच्या अटी तुम्हाला मान्य होत्या, त्या तुम्ही मोडल्यात म्हणून ठरलेली रक्कम द्या, असे म्हणणारी ही खासगी करारावरची मागणी आहे. दंड आणि मागणी यांतला फरक ज्याला कळला, त्याची निम्मी भीती तिथेच जाते. वसुली कंपनीचा माणूस म्हणजे कोर्टाचा बेलिफ नव्हे. तिकडच्या बेलिफाला ‘शेरीफ ऑफिसर’ म्हणतात आणि कोर्टाचा हुकूमनामा हातात असल्याशिवाय तो वसुलीला येत नाही. गाडीच्या चाकाला जबडा लावून पैसे वसूल करण्याची सोयही स्कॉटलंडमध्ये खासगी जागामालकांना नाही. तिथल्या उच्च फौजदारी न्यायालयाने १९९२ मध्येच तो प्रकार चोरी आणि खंडणी ठरवला आहे.

तरीही पत्र आणि समन्स यांत फरक असतो आणि तो फरक न ओळखणाऱ्यांचेच सर्वांत जास्त नुकसान होते. फेब्रुवारीत एका रात्री, आमच्याकडे साडेअकरा वाजलेले असताना मुलीचा फोन आला. “बाबा, या वेळी कोर्टाचं पाकीट आलंय.” मी तिला प्रत्येक पानाचा फोटो पाठवायला सांगितला. दाव्याचा फॉर्म, उत्तराचा कोरा फॉर्म आणि वेळापत्रक असे तीन कागद होते. वेळापत्रकात दोनच तारखा होत्या. एक, दावा प्रतिवादीला बजावण्याची शेवटची तारीख, आणि दुसरी, तिच्यापासून तीन आठवड्यांनी येणारी उत्तर देण्याची शेवटची तारीख. आमच्या वकीलसाहेबांच्या कार्यालयात मी हजारो समन्से हाताळली असतील, पण प्रतिवादीने काय करायचे आणि कधीपर्यंत करायचे, हे इतक्या कमी शब्दांत सांगणारा कागद मी पाहिला नव्हता. पहिला तारा या वेळापत्रकासाठी.

इथे ‘शेरीफ’ या शब्दाबद्दल दोन वाक्ये लिहायला हवीत, कारण आमच्या गल्लीत ज्याला ज्याला मी हे सांगितले, त्याला पोलीस अधिकारीच डोळ्यांसमोर आला. मुंबईचे शेरीफ म्हणजे नगरपाल, ते मानाचे पद. स्कॉटलंडमध्ये शेरीफ म्हणजे न्यायाधीश, आपल्या दिवाणी न्यायाधीशांसारखेच. तिथे पूर्वी ‘स्मॉल क्लेम’ नावाची वेगळी पद्धत होती आणि तिची मर्यादा ३,००० पौंड होती. २८ नोव्हेंबर २०१६ पासून तिच्या जागी ‘सिंपल प्रोसिजर’ आली आणि ५,००० पौंडांपर्यंतचे पैशांचे दावे तीत चालतात. लोक अजूनही बोलताना ‘स्मॉल क्लेम’च म्हणतात, त्यामुळे माहिती शोधताना जुने नियम हाती लागण्याचा धोका आहे.

याहून मोठा धोका इंग्लंडच्या नियमांचा आहे, आणि आम्ही त्यातून थोडक्यात वाचलो. जावईबापूंनी कुठूनतरी उत्तराचा तयार मसुदा मिळवला होता. मसुदा चांगला लिहिलेला होता, पण तो सगळा इंग्लंडच्या कायद्यावर उभा होता. २०१२ च्या ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स’ कायद्याच्या चौथ्या परिशिष्टातील नोटिशीच्या मुदती कंपनीने पाळल्या नाहीत, असा त्याचा मुख्य मुद्दा होता. मी ते परिशिष्ट मिळवून वाचले. चालक कोण हे कळत नसेल, तर ठरावीक अटी पाळून गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून पैसे मागण्याचा अधिकार त्याने खासगी कंपन्यांना दिला आहे, पण तो इंग्लंड आणि वेल्सपुरता. स्कॉटलंडमध्ये ते परिशिष्ट लागूच नाही. याचा अर्थ तिथे करार झाला असेल तर तो जागामालक किंवा कंपनी आणि प्रत्यक्ष गाडी लावणारा चालक यांच्यात. गाडी कोणाच्या नावावर आहे, एवढ्यावरून पैसे मागता येत नाहीत आणि चालक कोण होता हे शाबीत करण्याचा भार वादीवर राहतो. मुलीच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा हाच होता, आणि इंग्लंडचा मसुदा जसाच्या तसा भरला असता, तर जो कायदा तिथे नाही त्याच्या मुदती मोजण्यात आम्ही तो हातचा घालवला असता. म्हणून प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, की तयार मसुदा वापरण्याआधी तो कोणत्या कोर्टासाठी लिहिला आहे हे पाहावे. ‘काउंटी कोर्ट’ हा इंग्लंडच्या कोर्टाचा शब्द दिसला की तो कागद स्कॉटलंडसाठी नाही, असे समजावे.

उत्तराचा फॉर्म भरण्यात आमचा एक पूर्ण रविवार गेला. आपल्याकडच्या कैफियतीत, म्हणजे प्रतिवादीच्या लेखी उत्तरात, परिच्छेदवार नकार लिहायची सवय असल्यामुळे माझा हात आपोआप ‘वादीने दाव्याच्या कलम एकमध्ये केलेला मजकूर खोटा व नाकबूल आहे’ असे लिहू लागला. फॉर्मला ते नको होते. दावा मान्य आहे, मान्य आहे पण पैसे भरायला मुदत हवी, की मान्य नाही, यांपैकी एक निवडायचे. मान्य नसेल तर काय घडले, त्यातले काय नाकबूल आहे आणि शेरीफ यांनी काय करावे असे तुम्हाला वाटते, हे साध्या वाक्यांत लिहायचे. साक्षीदार कोण आणि कागद कोणते, तेही विचारले आहे. मिटवण्यासाठी काय प्रयत्न केलेत, असाही एक प्रश्न आहे, आणि तो शोभेचा नाही. तडजोडीला प्रोत्साहन देणे आणि गरज असेल तरच पक्षकारांना कोर्टात बोलावणे, ही या पद्धतीची लेखी तत्त्वे आहेत. मुलीने कंपनीला पेट्रोलच्या पावतीची प्रत दोन वेळा पाठवली होती. ती दोन्ही पत्रे आम्ही तारखांसह लिहिली. उत्तर दाखल करण्यासाठी कोर्टाने तिच्याकडून फी घेतली नाही.

मुद्द्यांच्या क्रमावरून आमच्यात थोडी चर्चा झाली. जावईबापूंचे म्हणणे असे, की कॅमेऱ्याची चूक आधी सांगू, म्हणजे आपण खरे आहोत हे दिसेल. माझे मत वेगळे होते. पहिला मुद्दा असा, की प्रतिवादी गाडी चालवत नव्हती, ती कामावर होती, त्यामुळे तिच्याशी कोणताही करार झालेला नाही. दुसरा मुद्दा, हे बाजूला ठेवले तरी गाडी दोन तासांपेक्षा जास्त वेळ तिथे नव्हतीच. पहिला मुद्दा कायद्याचा आणि तिच्यापुरता पूर्ण, दुसरा वस्तुस्थितीचा. खासगी कंपनीला चालकाचे नाव कळवण्याची सक्ती तिथे नाही, तरीही आम्ही ते लपवायचे नाही असे ठरवले, कारण जावयांनी काही चुकीचे केलेलेच नव्हते आणि साक्षीदार म्हणून तेच उपयोगी पडणार होते. ज्याने स्वतः गाडी चालवली आहे, त्याने ‘मी चालवत नव्हतो’ असे कोर्टाला सांगणे हा बचाव नव्हे, ते खोटे बोलणे आहे, आणि माझ्या मुलीने तसे लिहावे असे मी तिला कधीही सांगितले नसते.

पुराव्याचे कागद मोजकेच होते, पण त्यातला एक मी अजून डोळ्यांसमोर आणू शकतो. पेट्रोल पंपाची पावती उष्णतेवर छापणाऱ्या कागदाची होती आणि चार महिन्यांत तिच्यावरची शाई फिकट करडी झाली होती. रक्कम दिसत होती, लिटर दिसत होते, पण वेळेतला शेवटचा आकडा एक आहे की सात, हे कळत नव्हते. मी मुलीला बँकेकडून त्या व्यवहाराचा उतारा मागवायला सांगितले आणि त्यात पंपाचे नाव स्पष्ट मिळाले. मग फिकट पावती, बँकेचा उतारा, सकाळची आणि दुपारची अशा किराणा दुकानाच्या दोन पावत्या, आणि रुग्णालयाचे पाळीपत्रक, ज्यात तिच्या नावापुढे त्या दिवसाची लांब पाळी लिहिली होती आणि प्रभारी परिचारिकेची सही होती, असे पाच कागद झाले. प्रत्येकावर क्रमांक टाकला आणि वर यादी लावली. ही यादी आणि कागद सुनावणीच्या चौदा दिवस आधी कोर्टाला आणि समोरच्या पक्षाला द्यावे लागतात. ऐन तारखेला कागद काढून ‘साहेब, हे दाखल करून घ्यावे’ म्हणण्याची सवय तिथे उपयोगी नाही, आणि ही शिस्त मला मनापासून आवडली. वाहनतळाच्या पाटीचा फोटोही मुलीने काढून ठेवला होता. दोन तासांची अट मोठ्या अक्षरांत होती, १०० पौंडांची रक्कम खाली बारीक अक्षरांत. तो फोटो आम्ही लावला, पण त्यावर भर दिला नाही. इंग्लंडमधल्या एका वाहनतळाच्या ८५ पौंडांच्या मागणीबाबत ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल दिलेला आहे. त्यानंतर ‘रक्कम अवाजवी आहे’ या एकाच मुद्द्यावर लढणे शहाणपणाचे राहिलेले नाही.

उत्तर पोहोचल्यापासून दोन आठवड्यांत शेरीफ प्रकरण पाहून पहिला लेखी आदेश काढतात, आणि आम्हालाही तो वेळेत मिळाला. त्यात सुनावणीची तारीख होती आणि वादीला एक नेमका प्रश्न होता: प्रतिवादी स्वतः चालक होती, असे वादीचे म्हणणे असल्यास ते कशाच्या आधारे? हे वाचून मला फार समाधान वाटले. कागद वाचून न्यायाधीशांनी वादाचा गाभा पहिल्याच दिवशी काढून पक्षकारांसमोर ठेवावा, यासारखी सेवा पक्षकाराला दुसरी नाही. दुसरा तारा त्यासाठी.

सुनावणीला मी अर्थातच नव्हतो. तिथे प्रतिवादीसोबत मदतीसाठी एक माणूस शेजारी बसू शकतो. तो कागद हातात देऊ शकतो, हळू आवाजात सल्ला देऊ शकतो, पण कोर्टाशी बोलू शकत नाही. मुलीची एक सहकारी परिचारिका तशी बसली आणि सगळे कागद तिने क्रमाने हातात दिले. मुलीने मला नंतर जे सांगितले ते असे. शेरीफ यांनी कंपनीच्या वकिलांना चालकाबद्दल विचारले. वकील म्हणाले की गाडी प्रतिवादीच्या नावावर आहे, त्यामुळे तीच चालवत असण्याची शक्यता अधिक. शेरीफ यांनी पाळीपत्रक त्यांच्यासमोर ठेवले. मग मधल्या वेळेत कॅमेऱ्याने गाडीचे आणखी फोटो काढले होते का, हे तपासले आहे का, असे विचारले, त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते. जावयांची साक्ष दहा मिनिटांत संपली. सगळे मिळून चाळीस मिनिटे लागली. निकाल देण्यासाठी शेरीफ चार आठवडे घेऊ शकतात. इथे त्यांनी तो तिथेच दिला आणि कारणे साध्या इंग्रजीत समजावून सांगितली. दावा फेटाळला गेला. “बाबा, मला वाटलं होतं ते मला बोलूच देणार नाहीत,” असे मुलगी म्हणाली. तिसरा आणि चौथा तारा मी या चाळीस मिनिटांसाठी देतो.

पाचवा तारा का नाही, तेही सांगितले पाहिजे. ३०० पौंड किंवा त्याहून कमी रकमेच्या दाव्यात जिंकणाऱ्याला सामान्यतः खर्च मिळत नाही. या नियमामागे विचार चांगला आहे, कारण १७० पौंडांच्या दाव्यात हरलेल्या गरीब माणसाच्या डोक्यावर वकिलाची मोठी फी बसत नाही, आणि याच भरवशावर आम्ही लढायला तयार झालो. पण तोच नियम उलटाही लागतो. मुलीची एक दिवसाची बिनपगारी रजा, जावयांचा अर्धा दिवस आणि टपालाचा खर्च त्यांच्याच खिशातून गेला, आणि चार महिने ज्या कंपनीने पावतीची प्रत उघडूनही पाहिली नाही, तिला त्याबद्दल काहीही सोसावे लागले नाही. याच कारणाने अनेक जण चूक नसतानाही सुरुवातीचे ६० पौंड भरून मोकळे होत असतील, असे मला वाटते. दुसरी उणीव म्हणजे अशा निकालाचे बंधन पुढच्या शेरीफवर नसते, त्यामुळे आमच्या निकालाची प्रत दाखवून दुसऱ्या कोणाला हमखास सुटता येणार नाही. तिसरी, कोर्टाच्या पाकिटात आलेल्या कागदांत मोफत सल्ला कुठे मिळेल हे ठळक दिसायला हवे होते. ‘सिटिझन्स ॲडव्हाइस ब्युरो’ नावाची केंद्रे स्कॉटलंडभर आहेत, ती फुकट सल्ला देतात आणि मुलीला त्यांचा पत्ता शेजारणीकडून कळला.

हे सगळे वाचून कोणी पत्रे केराच्या टोपलीत टाकायला लागेल, तर ते माझ्या लिहिण्याचे फार वाईट फळ होईल. उत्तराची मुदत चुकली, तर वादीला पुढच्या दोन आठवड्यांत अर्ज करून एकतर्फी निकाल मागता येतो. तो रद्द करून घेण्याचीही वाट आहे, पण ती जास्तीची धावपळ आहे. २०१७ मध्ये डंडी शहरात एका तरुणीविरुद्ध सुमारे २४,५०० पौंडांचा निकाल झाला. तिने एका निवासी संकुलात परवान्याशिवाय गाडी लावणे चालू ठेवले होते, दोनशेहून अधिक नोटिसा साचू दिल्या होत्या आणि गाडी आपणच लावली हे तिला नाकारता येत नव्हते. ते प्रकरण रकमेमुळे सिंपल प्रोसिजरच्या मर्यादेबाहेरचे होते, पण स्कॉटलंडमध्ये खासगी पार्किंगची मागणी वसूल होतच नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. शिवाय तिथे करारावरच्या अशा मागणीची मुदत साधारणपणे पाच वर्षे असते. आज गप्प बसलेली कंपनी चौथ्या वर्षीही दावा आणू शकते, म्हणून पावत्या आणि बँकेचे उतारे तितकी वर्षे जपून ठेवावेत. पावती उष्णतेवर छापलेली असेल तर त्याच दिवशी तिचा फोटो काढावा.

निकालाविरुद्ध कायद्याच्या मुद्द्यावर चार आठवड्यांत अपील करता येते. मी माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती तारीख लाल पेन्सिलीने मांडून ठेवली होती. त्या दिवशी संध्याकाळी मुलीने कोर्टाच्या कचेरीत फोन केला, कंपनीकडून काहीही आलेले नव्हते, आणि मी तिच्या कागदांच्या सगळ्या प्रती क्रमाने लावून, वर निकालपत्र ठेवून, फाइलची दोरी बांधली.